पॉइंटांखालच्या वाटा

लॉडविक पॉइंटच्या टोकाशी, जिथून पुढे पाऊल टाकायला जमीनच उरत नाही, तिथे एक दगडी स्तंभ उभा आहे. जनरल पीटर लॉडविकच्या मुलाने 1874 मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ तो उभारला. 1824 मध्ये या डोंगरावर पाय ठेवणारा हा पहिला युरोपीय आणि इथली हवा प्रकृतीला मानवते हे लोकांना कळवणारा हाच, असा मजकूर त्यावर इंग्रजीत कोरला आहे. त्याच मजकुरात आणखी एका गावाचं नाव येतं, आणि फोटोच्या घाईत ते वाचायचं राहून जातं. लॉडविक 1873 च्या ऑगस्टमध्ये, नव्वदीत, फ्रान्समधल्या बान्येर-द-बिगोर इथे वारला. पिरेनीज पर्वताच्या कुशीतलं हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांचं आहे. रोमन काळापासून लोक तिथे आपली दुखणी घेऊन जात आले आहेत.

युरोपात अशा गावांची दिनचर्या ठरलेली असे. सकाळी झऱ्याचं पाणी प्यायचं, त्यात अंघोळ करायची, आणि नंतर चालत, घोड्यावर किंवा गाडीतून जवळचा धबधबा, एखादा पडका किल्ला, एखादा कडा बघून यायचं. आजारी माणसाचं मन रमावं, भूक लागावी, रात्री झोप यावी, हा त्यामागचा विचार. साहेब लोकांनी हीच दिनचर्या सह्याद्रीच्या माथ्यावर आणली. पाण्याचा भाग तेवढा गळाला, कारण त्यांच्या लेखी इथलं औषध हवेत होतं. उरला तो संध्याकाळचा फेरफटका. आज महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर दरफलकावर 'महाबळेश्वर दर्शन', 'प्रतापगड दर्शन', 'पाचगणी दर्शन' अशी जी यादी वाचायला मिळते, ती त्या फेरफटक्याची वंशज आहे.

मी वाईची. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, महाबळेश्वरच्या स्टँडवर टॅक्सी चालवायचे, आणि मेच्या सुट्टीत सीट रिकामी असली की मला पुढे बसवून न्यायचे. पुढे मी शाळेत इतिहास शिकवला. पण या डोंगराचा इतिहास मला आधी अण्णांच्या शेजारी बसून कळला, पुस्तकांतून नंतर. म्हणून तो मला त्याच क्रमाने सांगावासा वाटतो, आणि त्यात साहेबांच्या आधीची माणसं आधी यावीत असा माझा आग्रह आहे.

पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण ते इथे होतंच. बाजारापासून सहाएक किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर. तिथे पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांच्या धारा एकत्र येऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतात. सरस्वती आणि भागीरथी अशा आणखी दोन नद्यांच्या जागा तिथे दाखवतात. त्यांतली भागीरथी गुरू कन्या राशीत आला म्हणजे बारा वर्षांनी प्रकटते अशी श्रद्धा आहे. त्या कन्यागताला अजूनही गर्दी होते. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाने तेराव्या शतकात इथे देऊळ आणि कुंड बांधलं असं सांगतात. पुढे जावळीच्या मोऱ्यांनी भर घातली. 6 जानेवारी 1665 च्या सूर्यग्रहणाला शिवाजी महाराजांनी याच ठिकाणी मातोश्री जिजाबाईंची आणि वृद्ध सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. लॉडविक इथे येण्याआधी एकशे एकोणसाठ वर्षं हा डोंगर राजाच्या आईला सोन्याने तोलण्याइतका मानाचा होता. तेव्हा त्याला कोणी शोधून काढण्याची गरज नव्हती.

तिथल्या मानपानातही एक गोष्ट जपून ठेवण्यासारखी आहे. कुंडात स्नान करून यात्रेकरू जे दान ठेवतात त्यावर गंगापुत्र म्हणवणाऱ्या कोळी घराण्याचा हक्क, आणि पिंडीपुढच्या दानावर गुरवांचा. डोंगरातला मूळ रहिवासी पाण्याचा मालक आहे ही आठवण त्या वाटणीत टिकून राहिली. आमच्या वाईत कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर होतो. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून नवस बोलला गेला आणि तेव्हापासून तो सुरू झाला, अशी परंपरा आहे. त्या उत्सवात बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं की आपल्या घाटाला लागलेलं पाणी वरून, त्या गोमुखातून येतं. वाईकर महाबळेश्वरला जायचा तो नदीच्या माहेरी जायचा. त्याची दृष्टी कुंडाकडे असायची. दरी त्याच्या पाठीशी असे, आणि तिच्यात बघण्यासारखं त्याला वेगळं काही वाटत नसे, कारण तिच्यातूनच तो चढून आलेला असे.

कड्याकडे तोंड करून उभं राहणं इंग्रजांबरोबर आलं. लॉडविक साताऱ्याच्या फौजेचा अधिकारी होता. त्याच्यानंतर साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज याने इथे घर बांधलं, आणि त्याच्या सुचवण्यावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर येणारा रस्ता करवला. 1828 मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आला आणि त्याने मनावर घेतलं. त्याचं कारण व्यवहारी होतं. तोवर मुंबई इलाख्यातला अधिकारी आजारी पडला की त्याला हवापालटासाठी जहाजाने आफ्रिकेच्या टोकाला, केपला पाठवत. त्यात महिनेच्या महिने जात आणि खर्चही मोठा होई. मुंबईच्या इतक्या जवळ साडेचार हजार फुटांवर थंड जागा मिळाली तर सरकारचे पैसे आणि माणसं दोन्ही वाचणार होती. 16 मे 1829 रोजी महाराजांशी तह झाला. महाबळेश्वरचा परिसर कंपनीला मिळाला आणि बदल्यात वाई परगण्यातलं खंडाळा गाव साताऱ्याला दिलं गेलं. नव्या वस्तीला माल्कम पेठ नाव पडलं, आणि ते सरकारी कागदांत पुढे कितीतरी वर्षं चाललं.

पुढे काय झालं तेही इथेच सांगायला हवं. ज्या प्रतापसिंह महाराजांनी रस्ता दिला, जागा दिली, त्यांना कंपनीने 1839 मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं आणि ते तिथेच वारले. त्यांच्या जागी आलेले धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी 1842 मध्ये वेण्णा तलाव बांधला. 1848 मध्ये तेही गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा संस्थान खालसा केलं. आज तलावात नाव वल्हवणाऱ्या, काठावर मक्याचं कणीस खाणाऱ्या हजारोंपैकी फार थोड्यांना हा तलाव सातारच्या महाराजांचा आहे हे माहीत असतं. अण्णा मात्र तलावाशी गाडी हळू करून ते सांगायचेच. "साहेबाने नाही बांधला हो हा, आमच्या महाराजांनी बांधलाय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तलाव दिसला की ते आपोआप कानात येतं.

आता पॉइंटांकडे. त्यांची मांडणी नकाशावर नीट पाहिली तर ते मुळात कशासाठी होते हे उमगतं. बाजार आणि बंगले मध्ये, आणि चारी बाजूंना पठाराची बोटं दरीत गेलेली. प्रत्येक बोटाच्या टोकाला एक पॉइंट. घोड्यावरून संध्याकाळी निघून अंधार व्हायच्या आत परत येता येईल एवढ्या अंतरावर बहुतेक सगळे आहेत: बॉम्बे पॉइंट, कार्नॅक, फॉकलंड, लॉडविक, बॅबिंग्टन, हेलन. आर्थर सीट मात्र बाराएक किलोमीटर दूर, म्हणून तिथे सकाळीच, खाणं बरोबर घेऊन जायचं. साहेबांच्या मडमांना, मुलांना आणि अशक्त माणसांना झेपावं म्हणून या वाटा जवळपास सपाट पातळीवरून काढल्या गेल्या. चालणाऱ्याला दम लागू नये आणि शेवटी एकदम दरी उघडावी, अशी ती आखणी आहे. आजारी माणसाला बरं वाटायला लावणारी जागा कशी रचावी याचं ज्ञान त्यात आहे, आणि ते मोठं आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. आजही जंगलातल्या त्या जुन्या वाटांवरून चालत जा. गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहण्यापेक्षा तो अनुभव फार वेगळा असतो.

नावं गव्हर्नरांची आणि त्यांच्या घरच्यांची. एल्फिन्स्टन, कार्नॅक, फॉकलंड हे सगळे मुंबईचे गव्हर्नर. केट ही माल्कमची मुलगी. त्या जागेला आधी नाके खिंद म्हणत. कॉनॉट पीक आधी माउंट ऑलिंपिया होतं. सगळ्यात उंच जागा, सुमारे 1,440 मीटरवरची, आपली सिंदोळा टेकडी. तिला 1920 च्या दशकात गव्हर्नर सर लेस्ली विल्सनचं नाव मिळालं. लॉडविक पॉइंटसुद्धा आधी सिडनी पॉइंट होता. मुंबईचा हंगामी गव्हर्नर सर सिडनी बेकविथ 1831 मध्ये महाबळेश्वरातच वारला, त्याची आठवण म्हणून. एका साहेबाचं नाव पुसून दुसऱ्याचं देता आलं, तर आपली नाके खिंद आणि सिंदोळाही फलकावर परत लिहिता येतील. त्या नावांना निदान बरोबरीची जागा द्यावी असं मला फार मनापासून वाटतं.

आर्थर सीटवर गाइड एक गोष्ट सांगतात. आर्थर मॅलेट नावाच्या साहेबाची बायको आणि मूल सावित्रीत बुडून गेले आणि तो इथे बसून नदीकडे बघत राहायचा. ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून येतात. सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये एवढंच आहे की मॅलेटने इथे पहिल्यांदा घर बांधलं म्हणून जागेला त्याचं नाव पडलं. एडिंबरा शहरात याच नावाची टेकडी आहे, आणि माल्कमसारख्या स्कॉटलंडच्या माणसांना ती ठाऊक असणार. त्याआधी या जागेचं नाव मढीमहाल. अण्णा गोष्ट सांगत नसत. ते कठड्याशी नेऊन खाली बोट दाखवायचे. "तो चंद्रगड. त्याच्या पायथ्याला ढवळे गाव. तिथली माणसं या कड्याने वर यायची, डोक्यावर ओझं घेऊन." एकदा पुण्याच्या एका पाहुण्यांनी विचारलं, "इथून? इथून कशी येतील?" अण्णा म्हणाले, "साहेब, त्यांना रस्ता दुसरा होता कुठं?" आता ढवळे ते आर्थर सीट ही गिर्यारोहकांची नावाजलेली वाट झाली आहे. रविवारी कधी कठड्याखालून घामाने भिजलेली पोरं वर येतात आणि पर्यटक दचकून बाजूला होतात.

या वाटा हाच माझ्या मते महाबळेश्वरचा खरा जुना इतिहास आहे. जवळजवळ प्रत्येक पॉइंटच्या खालून किंवा शेजारून कोकणात किंवा खोऱ्यात उतरणारी एखादी वाट आहे. बॉम्बे पॉइंटचंच घ्या. मुंबईला जाणारा जुना रस्ता इथून खाली उतरायचा, म्हणून त्याला ते नाव. सूर्यास्ताचा संबंध नंतर जुळला. मुंबईहून येणारे साहेब होडीने नागोठण्याला किंवा सावित्रीतून महाडच्या बाजूला उतरायचे आणि पालखीत बसून, भोयांच्या खांद्यावरून पार गावामार्गे वर यायचे. ही चढण म्हणजे रडतोंडीचा घाट, ज्याला इंग्रजी कागदांत रोटंडा घाट लिहिलं आहे. याच रडतोंडीने 1659 च्या नोव्हेंबरात अफझलखान वाईहून पारकडे उतरला आणि त्या महिन्याच्या 10 तारखेला प्रतापगडाखाली मारला गेला. साहेबांच्या बायका ज्या वाटेने पालख्यांतून आल्या, त्याच वाटेने त्यांच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी विजापूरचं सैन्य, हत्ती-उंटांसह, आमच्या वाईतून खाली गेलं होतं.

1876 मध्ये आंबेनळीचा घाट, तेव्हाच्या भाषेत फिट्झगेराल्ड घाट, गाड्यांसाठी खुला झाला आणि पारची वाट सुटली. पार ही कोकण आणि देश यांमधली पेठ होती. बैलांचे तांडे तिथे उतरायचे. रस्ता बाजूने गेल्यावर ती पेठ विरली. घाटाच्या इतिहासात असं नेहमी होतं. नवा रस्ता झाला की जुन्या रस्त्यावरचं गाव एका पिढीत मागे पडतं. दुसरीकडून, पुण्याहून, पसरणीचा घाट चढून येणारी वाट वाढली. रेल्वे आल्यावर वाठार स्टेशनवर उतरून टांग्याने वाईमार्गे वर येता येऊ लागलं. माझ्या आजीच्या बोलण्यात 'वाठारचे टांगे' यायचे, ते याच काळाचे.

पॉइंटांपर्यंतचे ते सपाट, रुंद रस्ते कोणी बांधले? हा प्रश्न मी वर्गात मुलांना विचारायची आणि उत्तर कोणाला येत नसे. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडच्या इंग्रज वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी इथे तुरुंगात ठेवले होते. 1864 मध्ये तो तुरुंग मोडला. रस्त्यांचं काम त्यांच्याकडून करून घेतलं, आणि त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळेही लावले. चायनामन फॉल ही जागा त्या मळ्यांशेजारची. आपलं गाव, आपली भाषा मागे टाकून, बेड्या घालून आणलेल्या माणसांनी या डोंगरावर वाफे काढले आणि इथल्या कुणब्यांना नवी पिकं शिकवली. स्ट्रॉबेरीही इंग्रजांच्याच काळात इथे आली, आणि 2010 मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण स्ट्रॉबेरीची गोष्ट प्रत्येक दुकानावर लिहिलेली असते. चिनी कैद्यांची नसते. त्यांच्या नावाचा धबधबा आहे, त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठे नाही.

लिंगमळ्याच्या धबधब्याशीही असंच. आज तिथे तिकीट काढून आत जातात. 1860 च्या दशकात सरकारने तिथे सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. सिंकोनाच्या सालीतून कोयनेल निघतं, हिवतापावरचं औषध. डोंगर साहेबांना आरोग्य देणार होताच, त्याच्या मातीतून औषधही निघावं हा प्रयत्न. निलगिरीत सिंकोना रुजला, इथे नाही. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि तो बहुतेक चार महिन्यांत. या जांभ्याच्या पठारावर प्रत्येक पिकाला ते सोसत नाही.

पावसानेच इथला हंगाम ठरवला. मार्चअखेर सरकार मुंबईहून वर यायचं आणि जूनच्या पहिल्या सरींआधी पुण्याला उतरायचं. मग बंगल्यांना गवताच्या झड्या बांधून दारं बंद व्हायची, दुकानदार पाचगणीला, वाईला यायचे, आणि डोंगर पुन्हा कोळी, धनगर आणि धावड यांचा व्हायचा. धावडांविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. लाल जांभ्यातून लोखंड गाळणारे हे मुसलमान कारागीर. भट्टीला कोळसा लागे, कोळशाला जंगल. सरकारने जंगल राखीव केलं आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. महाबळेश्वरचं जंगल आज इतकं दाट आहे याचं कौतुक आपण सगळेच करतो, मीही करते. पण ते राखताना एक धंदा नाहीसा झाला, आणि त्या धंद्यातली माणसं पुढे रस्त्यावर, बंगल्यांत, घोड्यांमागे कामाला लागली. आज पर्यटकाला घोड्यावर बसवून लगाम धरणाऱ्या मुलाच्या घरात पणजोबा कदाचित लोखंड गाळत असतील. हे मी नुसतं कल्पनेने म्हणते, पण अगदीच निराधार नाही.

हिंदी माणसं या फेरफटक्यात फार उशिरा आली. आधी मुंबईचे पारशी आणि भाटिये शेठ आले, संस्थानिक आले, त्यांनी बंगले घेतले. 1881 मध्ये इथे क्लब झाला, तो साहेबांचा. पाचगणीचं वळण वेगळं. 1912 मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तिथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं, तिथे शाळा वाढल्या, आणि हवेचा उपयोग खरोखर आजारी माणसांसाठी झाला. गांधीजीसुद्धा तुरुंगातून सुटल्यावर प्रकृतीसाठी 1944 मध्ये पाचगणीला आणि 1945 मध्ये महाबळेश्वरला येऊन राहिले होते. मराठी मध्यमवर्गाला मात्र हे परवडायला एसटी यावी लागली. साताऱ्याहून, पुण्याहून लाल गाड्या वर येऊ लागल्या तेव्हा क्लार्क, मास्तर, गिरणीतले कामगार, नवीन लग्न झालेली जोडपी दोन दिवसांसाठी येऊ लागली. त्यांच्याजवळ अख्खा सीझन नव्हता. सकाळी उतरायचं, एका दिवसात सगळं बघायचं, दुसऱ्या दिवशी परतायचं. साहेबांनी दोन महिन्यांत, रोज संध्याकाळी एक, असे पाहिलेले पॉइंट टॅक्सीवाल्यांनी आणि एसटीने अर्ध्या दिवसाच्या फेरीत बसवले. यात मला काही गैर वाटत नाही. ज्यांच्याकडे वेळ कमी होता त्यांच्यापर्यंत हा डोंगर पोचला तो या फेरीमुळेच. अण्णांच्या गाडीत बसलेल्या एका गिरणी कामगाराच्या बायकोने केट पॉइंटवर वारा लागताच पदर धरून मोठ्याने हसत म्हटलं होतं, "माझ्या उभ्या जन्मात एवढा वारा नाही बघितला." डॉक्टरांनी साहेबाला लिहून दिलेलं औषध शंभर वर्षांनी तिला मिळालं.

आणि मराठी माणसांनी या फेरीत एक बदल केला. साहेबांच्या यादीत दुय्यम असलेला प्रतापगड त्यांनी मध्यभागी आणला. इंग्रज तिथे जायचे, पण लांबची सहल म्हणून. आपले लोक निघतात तेच गडासाठी, आणि पॉइंट वाटेत बघतात. 30 नोव्हेंबर 1957 रोजी पंडित नेहरूंनी गडावरच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण केलं, संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटलेला असताना. त्यानंतर भवानीचं देऊळ, बुरूज आणि पुतळा हे प्रत्येक शाळेच्या सहलीचं ठिकाण झालं. मी स्वतः मुलांना नेलं आहे. गाडीत गोंधळ, डब्यातली चपाती-भाजी, आणि गडाच्या पायऱ्या चढताना एकाएकी गप्प झालेली मुलं, हे मला अजून आठवतं.

अण्णांची फेरी मला इतरांपेक्षा वेगळी वाटायची, ती त्यांनी नेमाने केलेल्या एका गोष्टीमुळे. प्रत्येक पॉइंटवर ते खालच्या गावांची नावं सांगायचे. केट पॉइंटवरून कमळगड आणि कृष्णेचं खोरं. पुढे तिथे धोम आणि बलकवडी धरणांचं पाणी भरलं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या वाड्यांची नावंही ते घेऊ लागले. लॉडविकवरून प्रतापगड आणि कोयनेचं खोरं, बॉम्बे पॉइंटवरून मकरंदगड आणि त्याच्या पायथ्याचे पाडे. "ते कौलारू दिसतंय ना ताई, तिथं माझ्या मेव्हण्याचं घर." पाहुण्यांना दरी दिसत होती, अण्णांना सासुरवाडी. कड्यावरून दिसणारा प्रत्येक हिरवा तुकडा कोणाच्या तरी नाचणीचा, वरईचा असतो, हे पाहुण्यांच्या लक्षात आणून दिल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला, आणि इथे काय बांधायचं, काय नाही यावर वाद झाले, आजही होतात. त्या वादात वरच्या हॉटेलांचा आवाज मोठा असतो. खालच्या गावांचा असायला हवा, कारण पाणी त्यांच्याकडे जातं आणि वरचा कचराही. मांघरसारखं गाव मधमाश्यांवर उभं राहून 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून नावारूपाला आलं, भिलारने 2017 मध्ये पुस्तकांचं गाव होऊन वाचकांना बोलावलं. पर्यटकाला कठड्यापासून थोडं गावात नेता येतं याचे हे चांगले दाखले आहेत.

कोणी मला विचारलं की महाबळेश्वर कसं पाहावं, तर मी सांगते की सकाळी आधी पंचगंगेला जा, तेव्हा गर्दी नसते. मग आर्थर सीट, पण मढीमहाल हे नाव लक्षात ठेवून. दुपारी आंबेनळीच्या रस्त्याने प्रतापगडाकडे उतरा, आणि वाडा कुंभरोशीहून गडावर जाऊन आल्यावर गाडी माघारी न वळवता थोडी खाली पार गावात न्या. तिथे रामवरदायिनीचं देऊळ आहे आणि कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आहे. 'प्रतापगड दर्शन'च्या फेरीत हा पूल सहसा नसतो, म्हणून टॅक्सी ठरवतानाच चालकाला सांगून ठेवा. तांडे गेले, पालख्या गेल्या, पेठ मोडली, पण पूल भक्कम आहे. पावसाळ्यात कोयना त्याला घासून जाते आणि पारची माणसं अजूनही त्यावरूनच ये-जा करतात.